उरलेले तुकडे गोळा कर



परवा रात्री फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालीस. मग हळूच म्हणालीस, "आक्का, दिवस कुठं जातोय तेच कळंना बघ. प्रार्थनेला बसले की झोप येते. लेकराचा अभ्यास घ्यायचा राहतो. मंगळवेढ्याच्या मावशीला फोन करीन करीन म्हणते, दोन महिने झाले. देवानं दिलेला दिवस मी नासवतेय का गं?"

मी तेव्हा काही बोलले नाही. असल्या प्रश्नाला घाईनं उत्तर द्यायचं नसतं. आज पहाटे साडेतीनला नळ आला. पाणी भरता भरता मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते. तेच आता लिहून पाठवते.

तू पुण्याची झालीस, पण सोलापूरचं पाणी विसरली नसशील. उजनीतून शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येणारं पाणी, चार-पाच दिवसांतून एकदा, तेही कधी रात्री तर कधी पहाटे. नळ आला की गल्लीत एकेका घरात दिवा लागतो, मोटारी घुरघुरायला लागतात. त्या वेळी बायकांचे हात कसे चालतात आठव. आधी पिण्याचं पाणी. घासून ठेवलेला तांब्याचा हंडा, त्याच्या तोंडाला बांधलेलं चौपदरी फडकं, आणि नळाची पहिली लाल धार सोडून दिल्यावर आलेलं नितळ पाणी त्यात. मग स्वयंपाकाचं पातेलं. मग अंघोळीचं पिंप. धुण्याभांड्याच्या बादल्या सगळ्यांत शेवटी. नळ कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हा क्रम कुणी मोडत नाही. पुढचे चार दिवस तेच पाणी पुरवायचं. तांदूळ धुतलेलं मोगऱ्याला, कपडे खळबळलेलं फरशीला. पाणी माझं आहे, मी कसंही सांडीन, असं आपल्याकडं लहान पोरही म्हणत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र आपण बरोबर उलटं करतो. वेळ रोज येतो, न मागता येतो, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. सकाळी नळ सोडल्यासारखा दिवस सुरू होतो आणि आपण आधी धुण्याभांड्याच्या बादल्याच भरत सुटतो. कुणाचा मेसेज, कुणाचं स्टेटस, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. रात्री दहाला पिण्याच्या हंड्याची आठवण होते, तोवर नळ गेलेला असतो. प्रार्थनेला बसल्यावर तुला झोप येते ती तुझी श्रद्धा कमी म्हणून नाही गं. दिवसाचं उरलंसुरलं, गाळाचं पाणी तू तिथं आणतेस, म्हणून येते.

आपल्या पवित्र शास्त्रात 'कारभारी' असा शब्द आहे. तो आपल्या मातीतलाच. जुन्या वाड्यांत कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्या असायच्या. कोठारात धान्य किती, गोठ्यात जनावरं किती, कुणाचं देणं, कुणाचं येणं, हे धन्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. पण वाडा त्याचा नसे. धन्यानं हाक मारली की चोपडी घेऊन पुढं व्हायचं. पैशाच्या बाबतीत हे आपल्या मंडळीत सगळ्यांना कळतं. पगार झाला की दशांश बाजूला निघतो, पाकिटात जातो. पण दिवसाचे चोवीस तासही त्याच धन्याचे आहेत, हे आपल्याला सुचत नाही.

हे कारभारीपण धाक घालणारं वाटतं ना? मला मात्र त्यात मोठा दिलासा दिसतो. कारभाऱ्याला फक्त सोपवलेल्याचा हिशोब विचारतात. शेजारच्या वाड्याचा नाही. तुझ्या ऑफिसातली मुलगी पहाटे पाचला उठून पळायला जाते, रात्री परीक्षेचा अभ्यास करते, हे तू मला दोनदा सांगितलंस. तिचं तिच्यापाशी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला नीट वाच. परदेशी जाणारा धनी एका चाकराला पाच वाटे देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. परत आल्यावर पाचवाल्याचं आणि दोनवाल्याचं तो सारख्याच शब्दांत कौतुक करतो. 'तू पाच का आणले नाहीस' असं तो दोनवाल्याला विचारत नाही. आणि तिसऱ्याचा दोष काय? त्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. त्यानं भिऊन ते पुरून ठेवलं. आपणही वेळ असाच पुरून ठेवतो बघ. पोरगं मोठं झालं की करीन, बदली झाली की करीन, निवृत्त झाले की देवाचं काम करीन.

आणि वाट्याला दिवस किती येणार, हे कुणाला माहीत आहे? आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठव. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा केली आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले. वय होतं अवघं बत्तीस. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण सोपवलेले दिवस पुरून न ठेवणं म्हणजे काय, हे या गावात मी मुलांना त्यांचंच नाव घेऊन सांगते.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शंभरदा ऐकली. एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी, दोन मासे, आणि गवतावर बसलेली एवढी माणसं. सगळे पोटभर जेवले, गोष्ट संपली, असं आपल्याला वाटतं. पण योहान पुढचं सांगतो. उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, असं प्रभूनं शिष्यांना सांगितलं आणि त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. माझं मन तिथं नेहमी थांबतं. पाच भाकरींतून हजारो माणसं जेवू घालणाऱ्याला तुकड्यांची काय गरज? दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी करता आल्या असत्या. तरी त्यानं वाकून तुकडे वेचायला लावले. देवाकडं भरपूर आहे, म्हणून आपण सांडावं असं त्याला वाटत नाही.

आपल्या आजीला हे कुणी शिकवायला नको होतं. सकाळची भाकरी उरली तर संध्याकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा. आणि जास्तीच्या करायच्याच असल्या तर पातळ थापून, मंद आचेवर कडक करून, फडक्यात बांधून ठेवायच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पंधरा दिवस प्रवासात पुरायची. ज्वारीच्या एका तुकड्याला एवढं जपणारी आपली जात, आणि दिवसाचे तुकडे मात्र आपण झाडून टाकतो.

तू म्हणतेस, 'आक्का, मला सलग वेळच मिळत नाही.' खरं आहे. तुझ्या वयाच्या, नोकरी आणि लेकरू सांभाळणाऱ्या बाईला सलग वेळ मिळत नाहीच. पण सलग वेळ मिळाला म्हणून कामं झाली, असं आपल्या इतिहासात फार कमी दिसतं.

तू हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेस-जातेस. पुण्याकडं जाताना दौंड मागं पडलं की थोड्या वेळानं केडगाव लागतं. पुढच्या खेपेला खिडकीतून बघ. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, नंतर 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या. एक वेळ अशी आली की तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांचं अन्न, कपडे, आजारपणं, शाळा, शेत, विहिरी, छापखाना. यातून सलग वेळ कुठून निघणार? तरी त्याच बाईनं वयाच्या चाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतलं. जुन्या भाषांतरातले संस्कृत शब्द खेड्यातल्या बायकांना कळत नाहीत, हे त्यांना सलत होतं. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवायला, छपाईला मुक्तीतल्याच मुली. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम खाली ठेवलं नाही. ते हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले. पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. अठरा वर्षांचे तुकडे, आणि त्यांतून एक भरलेली टोपली.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांना शाळा मिळाली नव्हती, अक्षरं गिरवली ती लग्नानंतर. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट होतं. त्यांचे जेमतेम दहा अध्याय झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. त्यातच 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं, जे आज मराठी वाचणाऱ्या प्रत्येक घराला आपलं वाटतं. नवऱ्याचं काम नवऱ्याबरोबर संपलं असं म्हणून त्या बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी ते आपल्याकडं सोपवलेलं मानलं.

तिकडं मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांची रीत मला फार आवडते. 1910 च्या सुमाराला त्यांनी सुरू केली. भात शिजवायच्या आधी प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढून मंडळीसाठी ठेवायचा. गरिबातल्या गरीब घरालाही एक मूठ जमते. त्या मुठींवर तिथल्या मंडळीची कितीतरी कामं उभी राहिली. वेळेचीही अशी मूठ काढता येते, बाळ.

पण थांब. हे वाचून तू उद्यापासून मिनिटामिनिटाचं वेळापत्रक करशील आणि आठ दिवसांत थकून बसशील, हे मला दिसतंय. म्हणून माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. ती मी आजवर फार कुणाला सांगितली नाही.

आपली आत्या आठवते ना? आयुष्यभर बिड्या वळल्या तिनं. मांडीवर सूप, भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेले तुकडे, आणि हजार पुरे होईपर्यंत न थांबणारी बोटं. तिला वाचता येत नव्हतं. शेवटच्या वर्षी तिनं माझ्याकडं तीनदा निरोप धाडला, "सवड काढून ये, मला स्तोत्र वाचून दाखव." तो डिसेंबर होता. महिला मंडळाची सभा, मुलांचं नाटक, नाताळच्या फराळाची वर्गणी, सगळं माझ्या अंगावर. मी म्हटलं, नाताळ झाला की येते. नाताळनंतर दोन दिवसांनी आत्या गेली. पंधरा मिनिटांचं काम होतं गं. घर दोन गल्ल्या पलीकडं. त्या महिन्यात मी एक मिनिट रिकामी बसले नव्हते, आणि तरी त्या महिन्यातली सगळ्यांत मोठी उधळपट्टी माझ्याच हातून झाली.

त्या दिवसापासून मला कळलं, गुंतलेलं असणं म्हणजे कारभारीपण नव्हे. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात होती, प्रभू तिच्याकडं निघाला होता, गर्दी ढकलत होती. तरी वाटेत बारा वर्षं आजारानं गांजलेल्या एका बाईसाठी तो थांबला. तिला समोर येऊ दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं. शिष्यांना ती अडवणूक वाटली असेल. प्रभूला ती वाटली नाही. आणि मुलीचंही काही बुडालं नाही. वाटेत भेटलेलं माणूस हे पुष्कळदा खरं काम असतं.

म्हणून आता थोडं कामाचं सांगते.

पहिलं, तीन दिवस फक्त टिपून ठेव. एका वहीत, तासातासाला, काय केलं ते. स्वतःला रागावू नकोस, नुसतं लिही. कारभाऱ्याची चोपडी अशीच सुरू होते. तुझे तुकडे कुठं सांडतात ते तुझं तुलाच दिसेल.

दुसरं, पिण्याचा हंडा आधी भर. आपल्या आजोबांच्या काळात गावाला गिरणीचा भोंगा उठवायचा. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा वाजला की चुली पेटायच्या, डबे निघायचे, पाळी बदलायची. गिरण्या बंद झाल्या, भोंगे थांबले. आता भोंगा प्रत्येकाच्या उशाशी आहे, आणि तो दिवसभर वाजत राहतो. गिरणीच्या भोंग्यामागं मजुरी तरी होती. सकाळी उठल्यावर पहिली वीस मिनिटं फोनला हात लावू नकोस. ती देवाची. एक परिच्छेद वाच, दोन वाक्यांची प्रार्थना कर, एवढं पुरे. बाकीचा दिवस त्यावर उभा राहील.

तिसरं, तुकड्यांना काम नेमून दे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लेकराचे पाढे. बसच्या पाऊण तासात आठवड्याचं एक स्तोत्र पाठ. रांगेत उभी असशील तेव्हा एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. तुकडा छोटा असला तरी चालेल, त्याचं काम मात्र ठरलेलं असू दे. ठरलेलं नसलं की तो फोनच्या पडद्यावर जातो.

चौथं जरा जपून सांगते, पण सांगते. घराचं कारभारीपण बाईच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलेलं नाही. आपल्याकडं बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. मग घरातल्या वेळेचा कारभार त्यानंही बघावा. तुझे यजमान भले आहेत. सांगितलं तर ऐकतील. पण तू सांगतच नाहीस, मुकाट्यानं करत राहतेस आणि रात्री रडतेस. रात्रीची भांडी त्यांची, सकाळचा डबा तुझा, असं समोर बसून ठरव. लेकरालाही त्याचं ताट उचलू दे. ते मोठं होऊन कुणाच्या तरी घरात कारभारी होणारच आहे.

पाचवं, नाही म्हणायला शिक. मंडळीतल्या प्रत्येक समितीत तू असलीच पाहिजेस असं नाही. एक काम घे, ते जीव लावून कर. दोनवाल्यानं दोनच सांभाळायचे असतात.

आणि रविवार मोकळा ठेव. पाळणूक म्हणून ठेव, वरदान म्हणून ठेव. सहा दिवसांचं काम सातव्या दिवशी ओढायचं नाही, हे देवानं माणसाला थकू नये म्हणून दिलं. उपासनेहून आल्यावर कपडे धुवायचे ढीग काढू नकोस. लेकराला घेऊन बस, झोप काढ, कुणा आजाऱ्याला भेटून ये. विश्रांती ही चोरलेली वेळ नाही. तीही सोपवलेलीच आहे. आपल्यावाचून जग एक दिवस चालतं, हे मान्य करणं म्हणजे धनी दुसराच आहे असं कबूल करणं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देते. नाही गं, तू दिवस नासवत नाहीस. तुझ्या हातून तुकडे सांडतायत, एवढंच. सांडलेले तुकडे वाकून उचलता येतात. प्रभूनं शिष्यांना सांडल्याबद्दल बोल लावला नाही, फक्त टोपल्या हातात दिल्या.

मंगळवेढ्याची मावशी ऐंशीच्या पुढं आहे. दिवेलागणीला ती फोन मांडीवर घेऊन अंगणात बसते, कुणाचा तरी येईल म्हणून. तुला लहानपणी तिनंच सांभाळलं. हे पत्र मिटलंस की तिला फोन कर. पंधरा मिनिटं पुरतील. आजच कर.